विज्ञानातील वाटचाल श्राव्य माध्यमात : पॉडकास्टचे प्रयोजन आणि पूर्वतयारी

बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी प्रकाशविद्युत परिणामाचे समीकरण मांडू शकतो; परंतु भौतिकशास्त्रात संशोधन करणारी व्यक्ती दिवसभर नेमके काय करते, तिला वेतन कोण देते, पीएच.डी. करताना केवळ शुल्क भरावे लागते की दरमहा काही रक्कमही मिळते, या प्रश्नांची उत्तरे त्याला सहसा देता येत नाहीत. पाठ्यपुस्तकात नियम असतो, शोधाचे वर्ष असते. शोध लावणाऱ्याने कोणती वाट तुडवली ते नसते. ज्या घरात आधीच्या पिढीतील कोणी प्रयोगशाळेत काम केले आहे, तेथे ही माहिती जेवताना होणाऱ्या गप्पांतून मिळून जाते. ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचत आहे, तेथे ती कोठूनही मिळत नाही. परिणामी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणापलीकडे विज्ञानात काही करता येते, ही शक्यताच विचारात घेतली जात नाही. विज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्यांची वाटचाल त्यांच्याच आवाजात ऐकवणाऱ्या पॉडकास्टचा विचार या उणिवेच्या संदर्भात करावा लागतो.

वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे कलम ५१ क (ज) सांगते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समाविष्ट झाले. कर्तव्य घटनेत आले, तरी ते पार पाडण्याची साधने स्वतंत्रपणे उभी करावी लागली. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संप्रेषण परिषद आणि १९८९ मध्ये ‘विज्ञान प्रसार’ ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. ‘विज्ञान प्रसार’ २०२३ मध्ये बंद करण्यात आली, ही बाब परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी, कारण अनेक जुन्या संदर्भग्रंथांत ती कार्यरत असल्याचा उल्लेख आढळतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्व’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार वैज्ञानिकांनी वर्षातील किमान दहा दिवस आपले ज्ञान समाजापर्यंत पोहोचवण्यासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. एका मुलाखतीसाठी पूर्वतयारीसह फार तर एक दिवस लागतो. तेव्हा पॉडकास्टसाठी वैज्ञानिकाकडे वेळ मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आकाशवाणीचा वारसा

श्राव्य माध्यमातून विज्ञान पोहोचवण्याची कल्पना भारतात नवी नाही. सर सी. व्ही. रामन यांनी आकाशवाणीवरून विज्ञानविषयक भाषणे दिली होती. १९९१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संप्रेषण परिषद आणि आकाशवाणी यांच्या सहकार्याने ‘मानव का विकास’ ही १४४ भागांची मालिका १८ भाषांतून प्रसारित होऊ लागली. एकाच विषयावर इतकी दीर्घ आणि इतक्या भाषांतील मालिका आजच्या पॉडकास्टच्या जगातही क्वचितच सापडेल.

या परंपरेत आशयाचा भर मात्र विज्ञानावर होता, वैज्ञानिकावर नव्हता. तसेच नभोवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी ऐकला तर ऐकला. त्या वेळी वीज गेली किंवा घरात पाहुणे आले की तो हातचा निसटला. पॉडकास्टने ही दुसरी अडचण दूर केली. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ या दैनिकातील बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला, असे मानले जाते. ‘आयपॉड’ या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचे नाव आणि प्रक्षेपणासाठीचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द यांची ती जोडणी होती. या माध्यमाची तांत्रिक रचना साधी आहे. ध्वनिफीत एका संगणकावर साठवलेली असते. तिचे शीर्षक, तारीख, कालावधी आणि पत्ता यांची एक यादी ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध केली जाते. या यादीला ‘आरएसएस फीड’ म्हणतात. श्रोत्याच्या मोबाइलमधील उपयोजन ती यादी वेळोवेळी तपासते आणि नवा भाग आल्यास कळवते. त्यामुळे कार्यक्रम कोणत्याही एका कंपनीच्या मंचाशी बांधलेला राहत नाही. यादी स्वतःच्या ताब्यात असेल, तर मंच बंद पडला तरी श्रोते टिकतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते.

२०१० मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या ‘द स्टोरी कोलायडर’ या उपक्रमात वैज्ञानिक आणि इतरही लोक रंगमंचावर येऊन विज्ञानाशी आलेल्या संबंधाची स्वतःची गोष्ट सांगतात आणि ती नंतर पॉडकास्टद्वारे प्रसारित होते. बीबीसी रेडिओ ४ वर ऑक्टोबर २०११ पासून भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली ‘द लाइफ सायंटिफिक’ या कार्यक्रमात वैज्ञानिकांशी त्यांच्या आयुष्याविषयी आणि कामाविषयी संवाद साधू लागले. मुलाखत घेणारा स्वतः वैज्ञानिक असल्याने उत्तर अर्धवट राहिले की पुढचा प्रश्न अचूक येतो, हे या कार्यक्रमाचे बलस्थान होय. भारतात जीवविज्ञान क्षेत्रासाठी कार्य करणाऱ्या ‘इंडिया बायोसायन्स’ या संस्थेनेही संशोधनातील कारकिर्दीवर पॉडकास्ट निर्माण केले आहेत. हे सारे मुख्यतः इंग्रजीत आहे.

कोणाचा आवाज नोंदवावा

हा प्रश्न यंत्रसामग्रीच्या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांची पहिली धाव पद्मपुरस्कारप्राप्त किंवा माध्यमांतून परिचित असलेल्या वैज्ञानिकांकडे असते. हे स्वाभाविक असले, तरी अशा व्यक्तींची कथा अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली असते आणि श्रोत्याला ती आपल्या आवाक्याबाहेरची वाटते.

दुसरी वाट एका पुस्तकाने दाखवली आहे. २००८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने रोहिणी गोडबोले आणि रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची वाटचाल त्यात आहे आणि ती बहुतांशी त्यांनी स्वतःच सांगितली आहे. विवाह, बदली, मूल लहान असताना थांबलेले संशोधन आणि एकाच शहरात पती-पत्नी दोघांनाही नोकरी मिळण्यातील अडचण असे विषय भारतीय विज्ञानाच्या लेखी इतिहासात तोवर फारसे आले नव्हते. त्यानंतर २०१६ मध्ये नंदिता जयराज आणि आशिमा डोगरा यांनी ‘द लाइफ ऑफ सायन्स’ हा उपक्रम हाती घेतला. देशभरातील प्रयोगशाळांना प्रत्यक्ष भेटी देऊन स्त्री-वैज्ञानिकांशी बोलणे, हे त्याचे स्वरूप होते. या अनुभवावर आधारित ‘लॅब हॉपिंग’ हे पुस्तक २०२३ मध्ये आले.

अशा कथनातून काय हाती लागते, याचे उदाहरण म्हणून कमला सोहोनी यांच्याकडे पाहता येते. दुर्गा भागवत यांच्या या भगिनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने संपादन करून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा संचालक असलेल्या रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. त्यांनी हा नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षणकाळाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून विज्ञान विषयात ही पदवी संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पुढे नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरही त्यांनी संशोधन केले. चरित्रकोशातील नोंदीत पदव्या आणि वर्षे येतात. ती अट ऐकून एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला काय वाटले आणि तरीही तिने प्रवेश का घेतला, हे केवळ तीच सांगू शकते. कमलाबाईंनी हा प्रसंग उत्तरायुष्यात स्वतः सांगितला, म्हणूनच तो आज ज्ञात आहे. ज्यांना कोणी विचारलेच नाही, अशांचे अनुभव त्यांच्याबरोबरच गेले. त्यांची संख्या मोजण्याचे कोणतेही साधन नाही.

‘विज्ञानातील कारकीर्द’ म्हणजे केवळ प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ हे पद नव्हे, ही गोष्टही अशा मालिकेतून ठसवता येते. देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि तेथे विषयतज्ज्ञ शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन काम करतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषक, पेटंट परीक्षक, हवामान वेधशाळेतील निरीक्षक, वनस्पतिसंग्रहालयात वाळवलेले नमुने सांभाळणारा कर्मचारी, रसायनशास्त्र विभागासाठी काचेची उपकरणे फुंकून घडवणारा कारागीर, या सर्वांच्या हातांवाचून संशोधन चालत नाही. यांपैकी काही पदांसाठी पीएच.डी. लागत नाही, काहींसाठी स्पर्धा परीक्षा असते. इतका तपशील कळला, तरी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याच्या निर्णयात फरक पडू शकतो.

येथे एका दोषाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. यशस्वी व्यक्तींच्याच मुलाखती घेतल्यास श्रोत्याचा असा समज होतो की चिकाटी असली की यश ठरलेलेच. तितकीच चिकाटी दाखवूनही ज्यांना कायमस्वरूपी पद मिळाले नाही, असे अनेक जण असतात. संख्याशास्त्रात या त्रुटीला ‘टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह’ म्हणता येईल. पीएच.डी. अर्धवट सोडून शालेय अध्यापनाकडे वळलेली किंवा संशोधनातून औषधनिर्मिती उद्योगात गेलेली व्यक्ती मालिकेत आली नाही, तर ती मालिका भरती-जाहिरातीसारखी होते. विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारी प्रेरणा देण्यापेक्षा प्रेरणा न दिलेली बरी.

प्रश्नांची घडण

‘आपल्याला विज्ञानाची आवड कशी निर्माण झाली?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी पाठ केलेले असते. त्यात एक प्रेमळ शिक्षक, एक भिंग आणि आकाशातील तारे हमखास येतात. याउलट ‘पहिली अधिछात्रवृत्ती किती होती आणि ती कशावर खर्च झाली?’, ‘प्रबंधातील कोणता प्रयोग अखेरपर्यंत जमला नाही?’, ‘आपण काय काम करता, हे घरी कोणत्या शब्दांत सांगितले?’ अशा प्रश्नांना तयार उत्तर नसते. माणूस थांबतो, आठवतो आणि मग बोलतो. संपादन करताना ही शांतता कापून टाकण्याचा मोह टाळावा. श्रोत्याला तीतून विचाराची चाहूल लागते.

भाषेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. तमिळ, तेलुगू, बांगला या भाषांचे भाषकही कोट्यवधी आहेत. वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून भारतीय भाषांसाठी पारिभाषिक शब्द सिद्ध करीत आला आहे. तथापि छापील मजकुरात अपरिचित संज्ञेवर वाचक क्षणभर थांबून मागे जाऊ शकतो; ऐकणाऱ्याला ती सोय नसते. ‘विकर’ म्हटल्यावर अडखळणारा श्रोता ‘एन्झाइम’ म्हटल्यावर पुढे जात असेल, तर बोलण्यात ‘एन्झाइम’ वापरून त्याचे कार्य एका वाक्यात सांगणे अधिक श्रेयस्कर. शुद्धतेचा आग्रह लेखनासाठी राखून ठेवता येतो. बहुतेक भारतीय वैज्ञानिकांचे औपचारिक लेखन इंग्रजीत असले, तरी आईशी किंवा गावातील मित्राशी ते मातृभाषेतच बोलतात. त्या भाषेत आपले काम सांगण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर क्वचितच येतो. म्हणून मुलाखतीपूर्वी अर्धा तास अनौपचारिक गप्पा माराव्यात. शब्द सापडू लागले की ध्वनिमुद्रणास प्रारंभ करावा.

साधने आणि खर्च

या विषयावर अनेक पुस्तिका उपलब्ध असल्याने येथे मोजक्याच बाबी नमूद करणे पुरेसे आहे. साधारण प्रतीचा मोबाइल आणि कॉलरला लावायचे दोन छोटे ध्वनिग्राहक एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. ध्वनीची गुणवत्ता यंत्रापेक्षा खोलीवर अधिक अवलंबून असते. रिकाम्या वर्गात आवाज भिंतींवर आपटून घुमतो. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या खोलीत तो शोषला जातो. म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा कोपरा हा विनामूल्य ध्वनिमुद्रण कक्षच होय. छताचा पंखा बंद करणे अनिवार्य आहे, मग उन्हाळा कितीही असो.

संचिकेचा आकार हा श्रोत्याच्या खर्चाचा विषय आहे. केवळ संभाषण असलेला भाग एकमार्गी ध्वनीत, दर सेकंदास ६४ किलोबिट या दराने साठवल्यास ३० मिनिटांचा भाग १४.४ मेगाबाइटचा होतो. दर दुप्पट केल्यास आकारही दुप्पट होतो. पण बोलण्याच्या आकलनात फारसा फरक पडत नाही. मर्यादित डेटा वापरणाऱ्या ग्रामीण श्रोत्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे इंटरनेटच नाही, त्याच्यासाठी सामुदायिक नभोवाणीचा मार्ग खुला आहे. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. आज देशात ५०० हून अधिक केंद्रे कार्यरत आहेत. सर्वसाधारणपणे १०० वॅट प्रभावी शक्तीच्या या केंद्रांना स्थानिक आशयाची सतत गरज असते. तोच भाग तेथून प्रसारित झाल्यास त्याला दुसरा श्रोतृवर्ग लाभतो. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक भागाचे लेखी रूपांतर देणे हेही निर्मितीचेच अंग मानावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सुगम्यतेच्या तत्त्वाशी ते सुसंगत आहे.

अनेक पॉडकास्ट मोजक्या भागांनंतर बंद पडतात. उत्साह ओसरतो, परीक्षा येतात, संपादन करणारा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन निघून जातो. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान सहा भाग पूर्ण करून ठेवणे आणि मालिका ‘अखंड’ न ठेवता दहा-बारा भागांच्या सत्रांत विभागणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

कायदेशीर मर्यादा

मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती प्रथम घ्यावी. ध्वनिमुद्रण कोठे प्रसिद्ध होणार, त्याचा काही भाग वगळण्याची सूचना त्याला कोणत्या टप्प्यापर्यंत करता येईल आणि मूळ प्रत कोण जतन करणार, याचा तीत स्पष्ट उल्लेख हवा. ओळख पटवू शकणारी माहिती ही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कक्षेत येते. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चित्रपटगीताची धून सुरुवातीला जोडण्याची पद्धत रूढ असली, तरी स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, याचे भान ठेवावे.

शासकीय सेवेतील वैज्ञानिकांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ अथवा त्यांच्या संस्थेचे तत्सम नियम लागू असतात. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका आणि अनधिकृतपणे माहिती उघड करणे यांवर त्यात निर्बंध आहेत. व्यक्त केलेली मते वैयक्तिक असल्याचे स्पष्ट करणेही अपेक्षित असते. व्यक्तीच्या वाटचालीवरील संभाषण या मर्यादांना सहसा बाधा आणत नाही, परंतु मुलाखतकाराने ओघात विचारलेला एखादा प्रश्न समोरच्यास अडचणीत टाकू शकतो. पेटंटविषयीचा धोका तर अधिक सूक्ष्म आहे. पेटंट अधिनियम, १९७० नुसार शोध नवीन असणे आवश्यक आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वी संशोधकाने उत्साहाच्या भरात पॉडकास्टमध्ये शोधाचा तपशील सांगितला, तर नवीनतेचा दावाच धोक्यात येऊ शकतो. म्हणून चालू संशोधनाविषयी किती बोलायचे, याची मर्यादा संशोधकानेच आधी ठरवावी आणि प्रसिद्धीपूर्वी त्याने तो भाग एकदा ऐकावा.

जतन आणि अद्ययावतता

बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २०१९ मध्ये समकालीन विज्ञानाच्या इतिहासाचे अभिलेखागार खुले झाले. तेथील संग्रहात मौखिक इतिहासालाही स्थान आहे. पॉडकास्टसाठी केलेल्या दोन तासांच्या संभाषणातून तीस मिनिटे प्रसारित होतात. उरलेला दीड तास बहुधा पुसला जातो. संशोधकाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा असू शकतो. एम. एस. स्वामिनाथन यांचे २०२३ मध्ये, रोहिणी गोडबोले यांचे २०२४ मध्ये आणि जयंत नारळीकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. या तिघांच्या मुलाखती उपलब्ध आहेत, कारण ते नामवंत होते. त्यांच्या पिढीतील तंत्रज्ञ, क्षेत्रसहायक आणि महाविद्यालयीन शिक्षक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नव्या मालिकेने त्यांच्यापासून प्रारंभ करणे योग्य ठरेल.

जुने भाग उपलब्ध ठेवण्याची दुसरी बाजूही आहे. कारकिर्दीविषयीची माहिती लवकर शिळी होते. २०२१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या एखाद्या भागात पाहुण्याने किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा देण्याचा सल्ला दिला असेल, तर तो त्या वेळी योग्यच होता. १९९९ मध्ये सुरू झालेली ती योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली आणि तिची स्वतंत्र परीक्षा बंद झाली. त्याच भागात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ, दरमहा ३१ हजार रुपये असल्याचे सांगितले असेल. १ जानेवारी २०२३ पासून ती ३७ हजार रुपये झाली. भाग काढून टाकण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक भागाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रणाचा महिना व वर्ष उच्चारावे, योजना बदलल्यास अर्ध्या मिनिटाची सुधारित सूचना त्याच संचिकेच्या आरंभी जोडावी आणि वर्षातून एकदा, प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, सर्व जुने भाग त्या दृष्टीने तपासून घ्यावेत.